रिझर्व्ह बांधणाऱ्या बाईची बोटं

हे मी पेनाने लिहिते आहे आणि त्यामागे काही साहित्यिक कारण नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, रोज एक पान लिहा, बोटांना बरं असतं. पहिले आठ दिवस मी वाण्याच्या याद्याच लिहिल्या. मग वाटलं, तूरडाळ आणि साबुदाणा किती लिहायचा, जे झालं तेच लिहावं. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरला असेल त्यांना एवढं तरी कळेल की यातून माणूस बाहेर येतो. मधल्या काळात हसूसुद्धा येतं, फक्त चेहरा हलत नसल्यामुळे ते कोणाला दिसत नाही.

माझं काम

कसबा पेठेत आमचं तंबू-ताडपत्रीचं दुकान आहे, आणि त्याच इमारतीत वर घर. घरात आम्ही तिघं: सासूबाई, माझे यजमान प्रकाशराव आणि मी, ज्योती. बारा वर्षांपूर्वी एक गृहस्थ फाटलेलं पॅराशूट घेऊन दुकानात आले. प्रकाशरावांनी त्यांना 'आम्ही छत्र्या दुरुस्त करत नाही' असं सांगून वाटेला लावलं होतं. मी त्यांना जिन्यातून परत बोलावलं, कारण ते कापड मला हातात घेऊन बघायचं होतं. त्या कापडापायी पुढे मी परदेशात जाऊन शिकून आले, परीक्षा दिली, परवाना मिळवला.

विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधलेली जी पिशवी असते तिला रिग म्हणतात. तिच्यात दोन पॅराशूट असतात. एक रोजचं, त्याची घडी ज्याची तो घालतो. दुसरं राखीव, म्हणजे रिझर्व्ह. पहिल्याने दगा दिला तर हे उघडायचं. त्याला उडी मारणाऱ्याने हात लावायचा नसतो. परवाना असलेल्या माणसाने ते दर सहा महिन्यांनी सोडायचं, इंच न् इंच तपासायचं, पुन्हा बांधायचं, शिशाचं सील मारायचं आणि कार्डावर सही करायची. आमच्याकडे ती सही माझी. एका रिझर्व्हला चार-पाच तास लागतात. एवढं करून गिऱ्हाईकाची इच्छा हीच की माझं काम त्याच्या कधी उपयोगी पडू नये. माझीही तीच इच्छा. शिवाय गिऱ्हाईक सहा महिन्यांतून एकदाच तोंड दाखवतं, म्हणजे धंदा पुण्याला साजेसा आहे.

मी स्वतः कधी उडी मारलेली नाही. गच्चीच्या कठड्यापाशीसुद्धा मला गरगरतं.

एक चप्पल

आधी पोट बिघडलं होतं. कशाने, ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रकाशराव आजही पाणीपुरीवर ठाम आहेत, कारण ती मी त्यांना सोडून खाल्ली होती. पोट बरं झालं, आठवडा गेला आणि एका सोमवारी मंडईतून येताना माझी डावी चप्पल पायातून निसटली. मी तशीच चालत राहिले. मागून एका बाईने चप्पल आणून दिली तेव्हा कळलं. पायाची बोटं मुंग्या आल्यासारखी झाली होती.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठे असतं?" विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी कुणालची रिग बांधायची होती. कुणाल वानखडे मूळचा अकोल्याचा, हडपसरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. शुक्रवारी संध्याकाळी तो उड्या मारायला थायलंडला निघणार होता. सकाळी काम सुरू केलं तेव्हा मुंग्या हाताच्या बोटांतही आल्या होत्या. पिशवी बंद करणारा दोरीचा फास डाव्या अंगठ्याला लागतोय की नाही, हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. एरवी ते काम मी डोळे मिटून करते. थंडी असेल, मान अवघडली असेल, असं मनाशी म्हणत मी ते पुरं केलं. सील मारलं, सही केली. कुणाल आला, "थँक यू काकू, बेस्ट करून दिलं," म्हणाला आणि रिग पाठीला लावून गेला.

बुधवारी सकाळी मी पलंगावरून उठले आणि खाली बसले. बसायचं नव्हतं.

हातोडी

हॉस्पिटलात जो तरुण डॉक्टर आला त्याचं नाव फरहान शेख. त्याने माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली, दुसऱ्या पायावर मारली, घोट्यावर मारली. काहीच हललं नाही.

प्रकाशराव म्हणाले, "जरा जोरात मारा, ती सहन करेल."

मग हातापायांना विजेचे चिमटे लावले. पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढलं. दुपारी मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, जीबीएस. पूर्ण नाव गियाँ-बारे सिंड्रोम. ते प्रकाशरावांनी तीनदा विचारून घेतलं आणि चौथ्यांदा विचारायची लाज वाटली म्हणून मान हलवली. फरहानने आम्हाला समजेल असं सांगितलं. शरीराची राखणदारी करणारे असतात, ते पोटातल्या जंतूशी लढता लढता चुकून आपल्याच नसांवर घसरतात. आजार पायांपासून वर चढतो. कुठवर चढेल ते आज सांगता येत नाही. छातीपर्यंत गेला तर श्वासासाठी काही दिवस मशीन लावावं लागेल. मग तो थांबतो आणि हळूहळू उतरतो. बरेचसे लोक चालत घरी जातात.

"बरेचसे म्हणजे?" प्रकाशरावांनी विचारलं.

"काका, बरेचसे म्हणजे बरेचसे," फरहान म्हणाला.

मी त्या दिवशी रडले नाही, कारण माझं लक्ष भलतीकडेच होतं. माझ्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं आणि ते कोणी सरळ का करत नाही, हाच विचार मी तासभर करत होते. भीती अशीही असते. ती समोर येऊन उभी राहत नाही, पंख्याबद्दल बोलत बसते.

सासूबाईंनी फोनवर शेजारी कळवलं, "ज्योतीला जीएसटी झालाय." त्यावर शेजारच्या काकांनी कोणीतरी चांगला सीए सुचवला.

एका श्वासात किती

गुरुवारी पहाटे मला आयसीयूत हलवलं. तिथे पाच दिवस सलाइनमधून महागडं औषध सोडायचं होतं. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, पण एक गोष्ट दर चार तासांनी ठरलेली होती. कोणीतरी यायचं आणि म्हणायचं, खोल श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे म्हणा. छातीत किती दम आहे ते त्यावरून कळतं. पहिल्यांदा मी एकोणतीसपर्यंत गेले. शाळेनंतर आकडे म्हटल्याबद्दल इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं. चार तासांनी चोवीस. मग एकोणीस.

चेहराही गेला. ओठ एका बाजूला लोंबले, डोळे मिटेनात. झोपताना नर्स पापण्यांना चिकटपट्टी लावायची. आवाज खरवडल्यासारखा आणि अगदी बारीक झाला. प्रकाशरावांनी नंतर कबूल केलं की लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना कान देऊन ऐकावं लागलं.

त्या चिकटपट्टीखाली मला आठवला तो माझा डावा अंगठा. मंगळवारचा. फास लागतोय की नाही हे न कळणारा. ज्या हातांनी आज चमचा धरवत नव्हता त्याच हातांनी, हा आजार अंगात असताना, मी एका पोराचं रिझर्व्ह बांधून दिलं होतं आणि खाली सही केली होती. आणि तो पोरगा उद्या विमानात बसणार होता.

पाच पिना

भेटायची वेळ संध्याकाळी पाचची. प्रकाशराव आले. मी सगळा श्वास गोळा केला आणि म्हटलं, "कुणालला सांगा, उडी नको."

ते नर्सकडे वळले. "सिस्टर, ही भ्रमात आहे का?"

"पिना मोजा," मी म्हटलं.

"बरं, मोजतो. तू शांत पड. कोणीही कुठेही उडी मारणार नाही."

इथे पिनांचं सांगायला हवं. रिझर्व्ह बंद करताना फास जागेवर राहावा म्हणून मध्ये मध्ये तात्पुरत्या पिना घालतात. माझ्याकडे अशा पाच आहेत, प्रत्येकीला हातभर लांब लाल फीत बांधलेली, म्हणजे विसरायला होऊ नये. काम झालं की पिना मोजून फळीवर टांगायच्या. त्यातली एक जरी आत राहिली तर फास अडकतो, आणि फास अडकला तर पडणाऱ्या माणसाने छातीवरचं हँडल कितीही ओढलं तरी रिझर्व्ह उघडत नाही. मी मंगळवारी पिना मोजल्या होत्या का? आठवेना. आजवर शेकडो वेळा मोजल्या असतील, पण त्या एका वेळचं आठवेना.

प्रकाशरावांना माझं बोलणं भ्रमातलं वाटलं होतं, तरी त्यांनी घरी जाऊन पिना मोजल्या. त्या माणसाबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत, पण हे मी विसरणार नाही. शुक्रवारी सकाळच्या भेटीला ते आले तेव्हा त्यांचा चेहरा मला चिकटपट्टीच्या कडेतूनही कळला.

"चारच आहेत," ते म्हणाले.

नेमका तेव्हाच फरहान आकडे मोजायला आला. मी अकरावर थांबले. बाजूचं मशीन वाजायला लागलं. फरहान प्रकाशरावांना म्हणाला, "काका, पेशंटला काय सांगितलंत तुम्ही?"

"चार," प्रकाशराव म्हणाले.

फरहानने त्यांना बाहेर नेलं. नर्सने श्वासाचं मशीन पलंगाशेजारी आणून ठेवलं, लावलं नाही, नुसतं ठेवलं. त्याकडे बघत मी दिवस काढला. मशीन लागलं तर बोलता येणार नव्हतं, आणि मला सांगायचं होतं ते अजून पोचलं की नाही तेच माहीत नव्हतं.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. प्रकाशरावांनी कुणालला नऊ वेळा फोन केला. अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलला नाही. मग हे रिक्षाने हडपसरला त्याच्या खोलीवर गेले. तिथे खोलीतला दुसरा मुलगा म्हणाला, तो विमानतळावर निघाला. शेवटी त्याच मुलाच्या फोनवरून लावल्यावर कुणालने घेतला. तो लोहगावला तपासणीच्या रांगेत उभा होता.

"काकूंनी सांगितलंय, उडी मारू नकोस," प्रकाशराव म्हणाले.

"काका, सुट्टी मंजूर झाली, तिकीट झालं, सगळा ग्रुप आहे. अन् रिझर्व्ह तर काकूंनीच पॅक केलंय ना?"

"तीच सांगतेय की तिने पॅक केलेलं घेऊन मारू नकोस. ती आयसीयूत आहे. एक पिन सापडत नाही."

कुणाल रांगेतून बाजूला झाला. मग म्हणाला, "काकू कशा आहेत?"

त्याने तिथे जाऊन भाड्याची रिग घेतली. प्रकाशरावांनी नर्सच्या हातून चिठ्ठी पाठवली: 'तो ऐकला. आता तू श्वास घे.' रात्रीच्या मोजणीत मी बारावर गेले. फरहान म्हणाला, एक आकडा वाढला, म्हणजे आपण तळाला लागलो असू.

डॉक्टरांची रिग

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी सोळावर होते. मशीन पलंगापासून दूर सरकवलं होतं. फरहान दुपारी आला, स्टूल ओढून बसला आणि इकडेतिकडे बघत हळूच मोबाइल काढला.

"काकू, एक विचारू? काका म्हणाले तुम्ही रिग बघता. मी ट्रेनिंग घेतलंय, पंधरा उड्या झाल्यात. ही सेकंडहँड मिळतेय. कशी आहे?"

फोटोत एक जांभळी, चकचकीत, इवलीशी रिग होती. हात हलत नाहीत, तोंड वाकडं, नाकात नळी, आणि समोर गिऱ्हाईक. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"वजन?" मी विचारलं.

"बहात्तर."

मी नुसतं बघितलं. माझे डोळे मिटत नव्हते, त्यामुळे ते बघणं जरा जास्तच झालं असावं.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला.

पुरुष बायकोशी खोटं बोलतात की नाही मला माहीत नाही, पण रिग घेताना वजनाबद्दल सगळे खोटं बोलतात. लहान पॅराशूट वेगाने उतरतं आणि दिसायला रुबाबदार दिसतं. पंधरा उड्यांच्या माणसाने ते घेणं म्हणजे सायकल शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी बुलेट घेण्यासारखं. हे मी एका दमात सांगू शकत नव्हते. चार शब्द, श्वास, चार शब्द, श्वास, असं सांगत गेले. पट्टे कोणाच्या मापाचे आहेत ते विचार. आधीचा मालक सहा फुटी असेल तर तू त्यातून खाली घसरशील. रिझर्व्ह आधी बघ, रंग नंतर. ते शेवटचं कोणी उघडलं, कधी उघडलं, कार्ड मागव. समुद्रकाठी वापरलं असेल तर शिवण तपास. आधी कोणाची तरी मोठी रिग भाड्याने घेऊन शंभर उड्या मार, मग ये.

तो सगळं लिहून घेत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, दुसरा फोटो घेऊन. तिसऱ्या दिवशी तिसरा. चौथ्या दिवशी मला कळलं की तो कागदावर रिगबद्दल काहीच लिहीत नव्हता. मी एका श्वासात किती शब्द बोलते ते तो मांडत होता. आकडे म्हणताना मी कंटाळून लवकर थांबते हे त्याच्या लक्षात आलं होतं. गिऱ्हाईकाला झापताना मात्र मी थांबत नव्हते.

"म्हणजे रिग घ्यायचीच नाहीये तुला?" मी विचारलं.

"घ्यायचीय ना काकू. जांभळी कॅन्सल केली."

नाडी

पिनेचा शोध त्यानंतरच्या रविवारी लागला. हॉस्पिटलात आठवडा काढल्यावर प्रकाशराव धुतलेला पायजमा शोधत होते. सासूबाईंनी घडी करून ठेवलेला दिला. त्याची नवी नाडी अगदी व्यवस्थित ओवलेली होती.

"ही कधी घातलीस?" यांनी विचारलं.

"ज्योती पडली त्याच्या आधीच्या सोमवारी. तिच्या फळीवर ती लाल फितीची सळई असते ना, तिने नाडी फार सुरेख जाते. तुझे तिन्ही पायजमे झाले, माझे परकर झाले. डब्यात ठेवलीय मी ती, हरवायला नको म्हणून."

प्रकाशराव त्या पायजम्यासकट खाली बसले. म्हणजे मंगळवारी मी काम करत होते तेव्हा फळीवर चारच पिना होत्या. म्हणजे मी मोजल्या नव्हत्या. मोजल्या असत्या तर त्याच दिवशी एक कमी आहे हे कळलं असतं.

त्यांनी कुणालला कळवलं. कुणालने लगेच निरोप पाठवला की पिन सापडली असेल तर शेवटचे दोन दिवस आपल्याच रिगने उडी मारू का. प्रकाशरावांनी मला येऊन विचारलं. 'हो' म्हणणं फार सोपं होतं. माझ्या नावावरचा डाग तिथल्या तिथे पुसला गेला असता.

"नको," मी म्हटलं. "पिन आत नाही एवढंच कळलं. माझा अंगठा शुद्धीवर होता हे कुठे कळलं? रिग तशीच ठेवायला सांगा, मला स्वतः उघडून बघायचीय. आणि मी पिना मोजल्याही नाहीत. त्याला हेही सांगा."

"हे सांगायची काय गरज आहे?" प्रकाशराव म्हणाले. "धंदा बंद करायचाय का?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. पण त्या दिवशी ते माझ्याशी आणखी काही बोलले नाहीत.

वेणी

पंचवीस दिवसांनी मी घरी आले, चाकांच्या खुर्चीतून. लिफ्ट नसल्यामुळे मला ताडपत्रीच्या झोळीत घालून दोन मजले वर नेलं. झोळी आमच्याच दुकानाची होती. सासूबाई वरून ओरडून सांगत होत्या की ती हिरवी घ्या, निळीची शिवण कच्ची आहे.

नंतरचे महिने कोणी फारसे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. आयसीयूत सगळे तुमच्याशी गोड असतात. घरी आल्यावर तुम्ही घरचेच होता. मला घास भरवावा लागे, आंघोळ घालावी लागे. दुकानाच्या ऑर्डरी अंगावर होत्या. प्रकाशराव पहाटे उठून स्वयंपाक करत, दिवसभर शिवणमशीनवर बसत आणि संध्याकाळी माझे पाय हलवत. एके दिवशी मी वरणात मीठ कमी आहे म्हणाले. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "मी तंबू शिवणारा माणूस आहे, ज्योती. मला यातलं काहीही येत नाही." आणि खाली दुकानात जाऊन बसले. मी वर रडले. सासूबाई दोघांच्या मध्ये जिन्यात बसून वाटाणे सोलत राहिल्या.

तासाभराने ते वर आले, हातात फणी घेऊन. माझे केस आठ दिवस नुसते गुंडाळलेले होते. त्यांनी वेणी घालायला घेतली. तंबूची दोरी वळतात तशी तीनपेडी, प्रत्येक पेड ओढून आवळलेला. माझ्या भुवया वर गेल्या. त्या वेणीने मी पहिल्यांदा थोडी चकित झालेली दिसले, आणि फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, अरे वा, चेहऱ्यावर भाव यायला लागले.

वेणी ते अजून घालतात. आता माझे हात चालतात, तरीही.

बोटांचे व्यायाम कंटाळवाणे होते: चेंडू दाबा, मणी उचला. मी मॅडमना सांगितलं, मला दोरीचा फास द्या. कालबाह्य झालेलं एक जुनं रिझर्व्ह घरात होतं. ते जमिनीवर पसरून मी रोज त्याची घडी घालत बसे. पहिल्या वेळी दोन दिवस लागले आणि ती घडी बघून सासूबाईंनी विचारलं, गादीत काय भरायचंय? दहाव्या वेळी एक दिवस. विसाव्या वेळी सात तास. डावा अंगठा सगळ्यात शेवटी आला. आला त्या दिवशी मी त्याला सुई टोचून बघितली आणि दुखल्याबद्दल पेढे वाटले.

उघडून बघितलं

साडेपाच महिन्यांनी कुणाल आपली रिग घेऊन आला. थायलंडहून परत आल्यापासून ती त्याने कपाटावर ठेवली होती, दुसऱ्या कोणाकडे नेली नव्हती. मी विचारलं का, तर म्हणाला, "तुम्ही म्हटलं होतं ना काकू, तुम्हाला बघायचंय."

मी त्याला समोर बसवलं आणि हँडल ओढायला सांगितलं. स्प्रिंग फटकन बाहेर उडाली, कापड सुटलं. उघडलं ते ठीक उघडलं. मग मी एकेक घडी बघत गेले. डाव्या बाजूच्या दोन घड्या ढिल्या होत्या, एक दुसरीत घुसली होती. दोऱ्या जागच्या जागी होत्या.

"हे उघडलं असतं," मी त्याला म्हटलं. "बहुतेक थोडं वाकडं. तू वाचला असतास. पण शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर मी तिला सही करू दिली नसती. आणि मी स्वतः केली."

कुणालने ती ढिली घडी बोटाने दाबून बघितली. मग म्हणाला, "काकू, आता करून द्या की नीट."

मी पिना मोजल्या, त्याच्यासमोर, मोठ्याने. साडेसहा तास लागले. शेवटचा फास ओढताना गुडघा टेकवायचा असतो, तो पाय अजून थरथरत होता. दोनदा सुटला. प्रकाशराव दारात उभे होते. "धरू का?" ते म्हणाले. मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा पिन बसली. सील मारलं. सही मात्र माझी आधीची राहिलेली नाही, 'ज्यो' जरा लंगडतो.

मंडईत

सात आठवड्यांनी मी मंडईत बटाटे निवडत होते. काठी होती, पण एकटी गेले होते. फोन वाजला. कुणालचा निरोप होता, एकच शब्द: 'वापरलं.'

मी बटाट्यांच्या पोत्यावर बसले. विकणारी मावशी म्हणाली, "ताई, माल चेपतोय." पण तिने उठवलं नाही, पाणी दिलं. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. रोजचं पॅराशूट, जे त्याने स्वतः बांधलं होतं, ते पीळ पडून गरगर फिरायला लागलं होतं. त्याने ते सोडलं आणि हँडल ओढलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय काकू, उघडलं. सरळ उघडलं. मी उभ्याने उतरलो." "आधी तुम्हालाच सांगून राहिलो. आईला नाही सांगणार."

मी बटाटे न घेताच घरी आले. जिना चढले, दोन्ही मजले, आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की काठी मावशीकडेच राहिली.

पुढच्या रविवारी कुणाल घरी आला. त्यांच्यात रिवाज आहे, रिझर्व्हने जीव वाचला की बांधणाऱ्याला चांगल्या दारूची बाटली द्यायची. त्याने खोक्यातली परदेशी व्हिस्की काढून माझ्यासमोर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. प्रकाशरावांनी बाटलीवरची नावं वाचायला चष्मा लावला.

सासूबाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

कुणाल म्हणाला, "आजी, मी वरून पडत होतो. काकूंच्या हातांनी वाचलो. त्याबद्दल आहे."

त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, मग माझ्या हातांकडे. बाटली उचलून, उजेडाला धरून म्हणाल्या, "तिला डॉक्टरांनी मनाई केलीय. मला गुडघ्यांना चोळायला होईल."

आणि खरंच चोळतात, रोज झोपताना दोन चमचे. आठ दिवस घराला वास होता आणि प्रकाशराव त्या वासाने व्याकूळ होते. पण गुण आला. जिना आता त्या माझ्याआधी उतरतात. बाटली संपत आली तशी काल त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "तो अकोल्याचा मुलगा पुन्हा कधी पडणार आहे?"